न वाळलेली वैनगंगा

ताईचा फोन सकाळी आठच्या सुमारास येतो. तिकडे कॅलिफोर्नियात तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. म्हणजे आम्ही बालाघाटवाले अमेरिकेच्या साडेबारा-साडेतेरा तास पुढे असतो, आणि या एका गोष्टीचा मला उगाच अभिमान आहे. त्या दिवशी फोन वाजला तेव्हा आई ओट्यावर सुपात चिन्नोर तांदूळ पाखडत बसली होती आणि मी दुसऱ्या चहाची वाट पाहत होतो.

"तुझ्या भाचीनं कॉलेजात नाव घातलं एकदाचं," ताई म्हणाली. आवाजात आनंद नव्हता. "कम्युनिटी कॉलेज म्हणतात इकडे. विषय काय घेतलेत ते विचार."

"काय घेतलेत?"

"चित्रकला. आणि मोटारदुरुस्ती."

मी गप्प. ताईही गप्प. फोनमधून फक्त तिच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा आवाज येत राहिला. यातला एक विषय घेतला असता तर आमच्या घराण्याला काय बोलायचं ते पाठ होतं. दोन्ही एकदम घेतल्यावर काय बोलावं, याचा सराव कुणालाच नव्हता.

"काय म्हन्ते गा थे?" आईनं सूप थांबवून विचारलं.

मी सांगितलं. आईनं क्षणभर विचार केला. "मंग लगन कोनत्या विषयावर होईन तिचं?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमच्याकडे स्थळासाठी जो कागद फिरतो, त्यावर 'शिक्षण' या शब्दापुढे एकच ओळ असते. त्या ओळीत चित्रकला लिहिली तर पोरगी रांगोळी बरी काढते, एवढाच अर्थ निघतो. मोटारदुरुस्ती लिहिली तर कागद परत येतो. दोन्ही लिहिलं तर मुलगी पाहायला नव्हे, खरं-खोटं करायला माणसं येतील.

मग मी भाचीकडेच चौकशी केली. तिला कुणीतरी काळजी सोडून दुसरं काही विचारतंय, याचाच तिला आनंद झाला असावा, तासभर बोलली. असली कॉलेजं तिकडे जुनी. त्यांतलं पहिलं सरकारी कॉलेज 1901 साली जोलिएट नावाच्या गावात निघालं, आणि 1947 साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगानं 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रुळवलं. एकट्या कॅलिफोर्नियात आता अशी 116 आहेत. दोन वर्षांचा अभ्यास, फी बेताची, आणि दारावर गुणांची चाळणी घेऊन कुणी बसलेलं नसतं. तिच्या चित्रकलेच्या वर्गात एक निवृत्त बसड्रायव्हर आहे आणि मोटारीच्या वर्गात एक नर्सबाई. "मला वाटलं उलट असेल," मी म्हणालो. "सगळ्यांना तसंच वाटतं, मामा," ती म्हणाली.

आपल्याकडेही जवळपास त्याच सुमाराला, 1950 साली, कारागिरांच्या प्रशिक्षणाची योजना निघाली आणि तिच्यातून गावोगावच्या आयटीआय उभ्या राहिल्या. हेतूत फार फरक नव्हता. फरक शेजाऱ्यांत होता. तिकडे शेजारी विचारतो, काय शिकतोस? इकडे विचारतो, "काऊन गा, मार्क कमी पडले का?"

भाचीचे दोन्ही वर्ग एकाच आवारात भरतात. मधे फक्त गाड्या लावायची जागा. सोमवारी ती अलीकडे कोळशाच्या कांडीनं हात काळे करते, मंगळवारी पलीकडे ब्रेकच्या काजळीनं. चार मिनिटांचं अंतर आहे, असं ती सांगते. आमच्या वेळी तेच अंतर बालाघाट ते नागपूर एवढं होतं. शिवाय गोंदियाला गाडी बदलावी लागायची.

तसं पाहिलं तर माझी दोन्ही शिक्षणं एकाच दिवशी सुरू झाली होती. तान्ह्या पोळ्याला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे, विदर्भात असतो तसाच, पोरांचा तान्हा पोळा असतो. लाकडी बैल सजवायचे, दोरी बांधून ओढत घरोघर न्यायचे आणि बोजारा, म्हणजे बैलाची बक्षिसी, मागायचा. या बैलाला पायांखाली चार चाकं असतात. लहानपणी त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं, चाकं लावलेलं जनावर रंगवून मिरवायला काढणाऱ्या मुलखात चित्रकला आणि मोटारदुरुस्ती वेगळ्या खोल्यांत कुणी नेऊन ठेवली?

मी आठ वर्षांचा होतो. सुताराकडून बैल कोरा आला होता. मी त्याला पांढरा केला, शिंगं लाल केली, पाठीवर झूल काढली. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण रंग उरला होता, म्हणून चाकं रंगवली. चाकांतून आरपार गेलेला आस दिसला, तोही रंगवला. सकाळी दोरी ओढली तर बैल चालेना. चारही चाकं आसाला चिकटलेली. मी दोरी धरून पुढे आणि बैल मागे, अंगणाच्या मातीत चार रेघा ओढत, शाळेत जायला नको म्हणणाऱ्या पोरासारखा.

आजीनं स्वयंपाकघरातून हाताला लागलं ते तेल आणलं. ते जवसाचं होतं. धान निघायच्या आधी बांधीत जवस टाकायची आमच्याकडची रीत, त्यामुळे घरात हे तेल असायचंच. चाकं किरकिरली, सुटली, फिरली. बोजारा मिळाला. आजीचा आणि वंगणशास्त्राचा विजय झाला, असं मी धरून चाललो.

पुढच्या वर्षी बैल माळ्यावरून उतरवला तर चाकं पहिल्यापेक्षा घट्ट. जणू त्या लाकडाला ती तशीच फुटली होती. का, ते कळायला पुढे दहा-बारा वर्षं गेली. जवसाचं तेल हवा लागली की वाळतं. म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही; हवेतला प्राणवायू घेऊन त्याची चिवट साय धरते. युरोपातल्या चित्रकारांनी शतकानुशतकं रंग खलायला हेच तेल वापरलं ते याच गुणासाठी. आमच्या घरी जवसाची चटणी व्हायची, आणि सणासुदीला बैल जाम व्हायचा. चित्राला वाळणारं तेल लागतं, चाकाला न वाळणारं. एवढं एक वाक्य आठव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर पुढची बरीच फजिती टळली असती. ती सांगतोच, पण आधी वडील.

वडील भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत हजेरीबाबू होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा सदऱ्याच्या मुड्यांवर काळसर तपकिरी धूळ असायची. मँगनीजशिवाय पोलाद नीट होत नाही, त्यामुळे रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीत आपला वाटा आहे असं ते मानत. ट्रक गेला की थोडे सरळ बसत. चित्रकाराच्या पेटीतल्या अंबर नावाच्या तपकिरी मातीचा गडदपणाही मँगनीजमुळेच येतो, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित बोलणी वेगळी झाली असती. कदाचित. ते म्हणाले असते, "मंग माती खानीतच आहे, नागपूरले काऊन जातं?"

कारण मला नागपूरला जायचं होतं. चित्रकलेच्या शाळेत.

त्या हट्टामागे एक नाव होतं. सय्यद हैदर रझा. आमच्या शेजारच्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा, वनखात्यातल्या माणसाचा मुलगा, जन्म 1922 चा. शाळेत त्याचं चित्त ठिकाणावर राहीना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि म्हणाले, याच्याकडे बघत बस. पोरगा बघत बसला. मोठेपणी पॅरिसमध्ये राहून त्यानं तोच ठिपका काढला, तोवर त्याचा बिंदू झाला होता आणि जग बघत बसलं होतं. (आमच्याही गुरुजींनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. पण ठिपका काढायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.) हा रझा 1939 साली नागपूरच्या चित्रकला शाळेत गेला, तिथून मुंबईच्या जे.जे.मध्ये.

मी वडिलांसमोर हाच दाखला ठेवला. पण रझा नागपूरला गेला तेव्हा नागपूर आमच्याच प्रांताची राजधानी होती. 1956 साली रेघ ओढली गेली, नागपूर-भंडारा तिकडे गेले आणि बालाघाट इकडे राहिलं. घरात मराठी, शाळेत हिंदी, नातलग गोंदियाला, आणि राजधानी भोपाळ. नकाशावरची ती रेघ कुणी काढली कोण जाणे, पण वडिलांना ती फार उपयोगी पडली. "दुसऱ्या राज्यात जाऊन चित्र काढशीन?" ते म्हणाले. जणू चित्रालाही रहिवासी दाखला लागतो. मग जरा नरमले. "काढ ना चित्र, कोन नाही म्हन्ते? पन पैले हाताले काम शिक."

आयटीआय. मोटर मेकॅनिक. दोन वर्षं.

पहिले काही महिने आम्हाला मोटार दिसलीच नाही. लोखंडाचा एक चौकोनी तुकडा मिळाला आणि एक कानस. तुकडा शेगड्यात पकडायचा आणि घासायचा. घासून काय करायचं? सपाट करायचा. तो तर सपाटच दिसतो. उस्तादांनी माझा तुकडा घेतला, त्याच्या कडेवर गुण्या लावला आणि खिडकीकडे धरला. "देखो. रोशनी दिख रही है?" गुण्याची पट्टी आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ येत होती. केसाएवढी. जिथं उजेड दिसतो तिथं लोखंड खाली आहे, जिथं अंधार आहे तिथं वर. मी ती रेघ पाहत राहिलो. छायाप्रकाश शिकायला नागपूरला जाणार होतो. तो इथं खिडकीत उभं राहून, हाताला फोड आणून, सरकारी विद्यावेतनासह शिकवत होते.

त्यानंतर निळा आला.

एका पसरट डबीत गर्द निळा रंग होता. प्रशियन ब्लू. हा रंग अपघातानं झालेला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंगारी लाल रंग करायला बसला, त्याला मिळालेल्या पोटॅशमध्ये भेसळ होती, आणि भांड्यात निळा उतरला. पुढे तो जपानला पोचला; होकुसाईच्या त्या जगप्रसिद्ध लाटेत तोच आहे. हे मला तेव्हा माहीत होतं, कारण वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकात त्या लाटेचं चित्र होतं. लाटेचा तो रंग बालाघाटात, आयटीआयच्या कपाटात, ग्रीसच्या डब्याशेजारी सापडेल असं मात्र वाटलं नव्हतं.

त्याचं काम असं. अगदी सपाट अशा लोखंडी पाटावर निळ्याचा पातळ हात द्यायचा. त्यावर आपला तुकडा ठेवून अलगद फिरवायचा आणि उचलायचा. जिथं उंचवटा असेल तिथं निळा ठिपका उठतो. तो ठिपका खरवडायचा, पुन्हा निळ्यावर ठेवायचा. पुन्हा ठिपके. तुकडा जसजसा खरा सपाट होत जातो तसतसे ठिपके वाढतात, बारीक होतात, सगळीकडे सारखे पसरतात. रझांना एक बिंदू पुरला. आम्हाला चौरस इंचात जितके जास्त तितके उस्ताद खूश.

पुढे इंजिनचं हेड उतरवलं तेव्हाही तोच निळा. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर नीट बसतो की नाही ते बघायला त्याच्या कडेला निळा लावायचा, बसवून जरा फिरवायचा. बैठकीवर अखंड निळं वर्तुळ उमटलं तर ठीक, तुटलं तर पुन्हा घासायचं. डिफरन्शियलच्या दातांनाही तसंच. दात दाताला कुठं टेकतो ते डोळ्यांना दिसत नाही, निळा सांगतो. गाडीत जे लपलेलं असतं त्याचं चित्र काढायची ती युक्ती होती, आणि चित्र पाहून झालं की पुसून टाकायचं. मला ते पुसणं जड जायचं. एकदा व्हॉल्व्हच्या बैठकीचे चार ठसे मी कागदावर उतरवून घेतले तर उस्ताद म्हणाले, "कुंडली बना रहे हो क्या?"

तर फजिती. एके दिवशी सुपारीच्या डबीत मी थोडा निळा घरी आणला. चोरी म्हणा. मला वैनगंगा काढायची होती. पावसाळा नुकताच संपला होता आणि नदीला तो रंग होता. निदान माझ्या मते होता. ड्रॉइंगचा मोठा कागद घेतला, घाटावर बसलो आणि दुपारभर काढली. पाणी, पलीकडचा काठ, पाण्यात उभी एक म्हैस. चित्र बरं झालं होतं. आता बरं म्हणतो, तेव्हा थोर वाटलं होतं. वाळायला म्हणून दोरीवर टांगलं, वडिलांच्या धोतराशेजारी.

सकाळी धोतरावर म्हैस होती.

चित्र वाळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वाळलं नाही, आठवड्यानं नाही, दिवाळीला नाही. मेकॅनिकचा निळा मुद्दाम न वाळणाऱ्या तेलात केलेला असतो, नाहीतर ठिपका उठायच्या आधीच तो पाटावर सुकेल. बैलाला मी वाळणारं तेल घातलं होतं, नदीला न वाळणारं. उस्तादांना खरं सांगावंच लागलं, कारण डबी हलकी झाली होती आणि माझी नखं निळी होती. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चित्र आणायला सांगितलं, लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. "भैंस का अलाइनमेंट बाहर है," म्हणाले. बरोबर होतं. मागचा पाय चुकला होता.

मोटर मेकॅनिक मी पास झालो. पुढे पोट भरलं ते विम्याच्या कारकुनीत. म्हणजे चित्र नाही, मोटार नाही, फक्त त्या मोडल्या तर काय, याचा हिशेब. यूजीसीनं 2022 साली एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला मुभा दिली ती बातमी मी वर्तमानपत्रात दोनदा वाचली. साठीच्या उंबरठ्यावर माणूस बातम्या जरा जास्तच बारकाईनं वाचतो.

पण मला वाटतं, मुभेची वाट न पाहता या देशात हा जोडअभ्यासक्रम केव्हाचा चालू आहे. रस्त्याकडेच्या पाट्या वाचा. 'डेंटिंग-पेंटिंग'. मधल्या आडव्या रेघेनं दोन विद्याशाखा जोडल्या आहेत, आणि यमक फुकट.

गोंदियाकडे जाणाऱ्या रस्त्यावर असा एक मिस्त्री आहे. निवृत्तीनंतर मी त्याच्याकडे जाऊन बसतो; तो मला गिऱ्हाईक समजत नाही आणि हाकलतही नाही. एकदा एक लाल मारुती 800 आली. दार चेपलेलं. चेपलेलं दार आतून ठोकून काढणं, लांबी भरणं, पाणीपेपर मारणं हे चार तासांचं काम. खरी परीक्षा पुढे. डब्यावर लिहिलेला लाल आणि गाडीचा लाल कधीच जुळत नाही, कारण डब्यानं बालाघाटचे उन्हाळे पाहिलेले नसतात. त्यानं डब्यातला लाल ओतला, त्यात काडीच्या टोकानं काळा टाकला, मग पिवळा. ढवळलं. पत्र्याच्या तुकड्यावर एक हात मारला आणि पत्रा उन्हात ठेवून बिडी पेटवली. मी म्हटलं, जुळला की. तो म्हणाला, "गीला रंग झूठ बोलता है, बाबूजी." सुकल्यावर खरंच वेगळा दिसला. मग पांढऱ्याचा थेंब. पुन्हा पत्रा, पुन्हा ऊन. सात पत्रे झाले तेव्हा त्यानं सातवा दारावर धरला आणि तो पत्रा मला दिसेनासा झाला. नुसता गेला. मी चष्मा पुसला. मालक संध्याकाळी आला, दाराकडे पाहिलं, "काही केलंच नाही का?" म्हणाला आणि पैशांत घासाघीस सुरू केली. जगातला हा एकच चित्रकार असेल ज्याचं चित्र दिसलं तर पैसे कापतात.

मी त्याला मेक्सिकोचे चित्रकार सिकेरोस यांची गोष्ट सांगितली. 1923 पासून अमेरिकेत मोटारींना ड्यूपाँ कंपनीचा डुको नावाचा झटपट वाळणारा रंग लागू लागला. ब्रशनं रंगवलेली गाडी वाळायला आठवडे घ्यायची, ही तासांत तयार. सिकेरोस म्हणाले, कारखान्याच्या युगाचं चित्र जवसाच्या तेलात कशाला काढायचं, आणि मोटारीचाच रंग भिंतींवर वापरू लागले. 1936 साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी कार्यशाळा चालवली. रंग ओतायचे, ठिबकवायचे, उडवायचे. तिथं जॅक्सन पोलॉक नावाचा एक तरुण होता. पुढे त्यानं कॅनव्हास जमिनीवर टाकून रंग ठिबकवत चित्रं केली आणि ती करोडोंना विकली गेली. मी फोनवर चित्र काढून दाखवलं. मिस्त्रीनं ते दोन बोटांनी मोठं केलं, बराच वेळ पाहिलं.

"इसने थिनर ज्यादा मारा होगा," तो म्हणाला.

हे मी भाचीला कळवलं. तिनं ते तिच्या चित्रकलेच्या बाईंना सांगितलं, बाई हसल्या म्हणे, आणि मिस्त्रीचं वाक्य कॅलिफोर्नियात एका फळ्यावर लिहिलं गेलं. मिस्त्रीला सांगितलं तर त्यानं विचारलं, तिकडे पाणीपेपर कितीला मिळतो.

भाचीचे धडे आता आम्हाला घरबसल्या मिळतात. तिचं मराठी थोडं सैल आहे, परवा म्हणाली, "मामा, आज मी स्वतः वंगण बदलला. फार घाणेरडा झाली होता." एका वाक्यात तिन्ही लिंगांना न्याय. आई तिला रोज एकच विचारते: "थे गाडीखाली तू झोपतं का वं?" भाची सांगते, खाली झोपावं लागत नाही आजी, गाडी वर उचलतात. आईला हे पटत नाही. गाडी वर आणि पोरगी खाली, यात तिच्या मते काहीच बदललेलं नाही.

एकदा तिनं ब्रेकच्या ड्रमचं चित्र पाठवलं. समोरून, वरून, बाजूनं. सुरेख रेघ होती. मी मात्र लगेच चूक काढली: वरून दिसणारं चित्र तू वर मांडलंस, ते खाली हवं. ती म्हणाली, मामा, वरचं वरच असतं. मी म्हणालो, खाली. दोन दिवस हा वाद चालला. मी कपाटातून आयटीआयची वही काढली, तिनं पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवला. शेवटी कळलं की दोघंही बरोबर. आपल्याकडे वस्तूची सावली पलीकडच्या भिंतीवर पडते असं धरून चित्र मांडतात, त्यामुळे वरून पाहिलेलं खाली उतरतं. अमेरिकेत वस्तू काचेच्या पेटीत ठेवल्यासारखी धरतात आणि जे ज्या काचेतून दिसतं ते त्याच काचेवर काढतात. आईनं दोन्ही ऐकून घेतलं. "मंग त्याईचंच सोपं आहे," म्हणाली. चाळीस वर्षं मी जे बरोबर समजत होतो त्यावर तिनं असं सूप फिरवलं.

परवा व्हिडिओ कॉलवर भाचीच्या हाताला निळं लागलेलं दिसलं. मी विचारलं, आज चित्रकला का? नाही म्हणाली, डिफरन्शियल; दातांना निळा लावून बघत होतो. तिला तो रंग आवडला होता. इतका की थोडा कागदात गुंडाळून घरी आणला होता, चित्रात वापरून बघायला.

"त्यात काढू नकोस," मी म्हणालो.

"का?"

का ते सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं. फोन आईच्या हातात दिला. आईनं तो नेहमीप्रमाणे छताकडे धरला, म्हणजे भाचीला आता आमचा पंखा दिसत असणार. मी कपाटामागून पुठ्ठा ओढला. वरचं वर्तमानपत्र काढलं. तेल कागदाच्या पाठीपर्यंत झिरपून पिवळा डाग झालाय, कडा वाळवीनं खाल्ल्यात, पण नदी आहे तशी आहे.

"हात नको लावू," आई म्हणाली. "ओलं आहे थे." ती चाळीस वर्षं हेच म्हणते आहे.

"मामा, काही दिसत नाहीये," पंख्याखालून भाचीचा आवाज आला. "म्हशीच्या पायाला काय झालंय ते तरी दाखव."

म्हणजे ताईनं तिला हे सगळं कधीच सांगून ठेवलं होतं. मी पुठ्ठा भिंतीला टेकवला, आईच्या हातातून फोन घेतला आणि सरळ करायला पडद्यावर अंगठा ठेवला. वैनगंगेचा एक निळा ठिपका थेट भाचीच्या कपाळावर उठला. आईनं पदर पुढे केला, पुसायला. पदरही निळा झाला.